मुंबईतील सार्वजनिक गृहनिर्माण

मुंबईतील सार्वजनिक गृहनिर्माण : खुल्या बाजारातील भाडे अथवा किंमत ज्यांना परवडत नाही, अशा कुटुंबांसाठी शासनाने, महानगरपालिकेने किंवा त्यांनी स्थापन केलेल्या वैधानिक मंडळांनी बांधलेल्या, अनुदानित वा नियंत्रित केलेल्या घरांना सार्वजनिक अथवा सामाजिक गृहनिर्माण म्हणतात. मुंबईत त्याचा पद्धतशीर प्रारंभ १८९८ साली झाला. तेव्हापासून चाळींची बांधणी, भाडेनियंत्रण, जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि झोपडपट्ट्यांचे निर्मूलन, सुधारणा व पुनर्वसन असे बहुतेक सर्व मार्ग ह्या शहरात अनुसरण्यात आले. गाळ्यांची संख्या वाढविणे त्या मानाने सोपे ठरले. घराचा खर्च राहणाऱ्याला पेलेल काय, ते कामाच्या ठिकाणापासून किती दूर असावे आणि बांधून झाल्यावर त्याची निगा कोणी राखावी, हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक योजनेपुढे पुन्हा उभे राहिले.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या, गोदी व रेल्वे यांच्या वाढीबरोबर कोकण व घाटमाथ्यावरील जिल्ह्यांतून कामगारांचा ओघ मुंबईकडे लागला. १८९१ साली शहराची लोकसंख्या सु. ८·२२ लाख होती. खाजगी मालकांनी गिरण्यांच्या आसपास चाळी बांधल्या. त्यांतील बहुसंख्य बिऱ्हाडे एकखोली होती. गावाकडून एकटे आलेले कामगार एका खोलीत दाटीने राहत व पाळीनुसार आळीपाळीने झोपत. त्यांच्यासाठी खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया, गावकीची मंडळे, नोकरी मिळवून देणारे मुकादम आणि उधारीवर माल देणारे वाणी यांच्यामुळे गिरणगावातील खोली हा केवळ निवारा न राहता उपजीविकेचा आधार बनला. शहराबाहेर बांधलेल्या स्वस्त घरांकडेही कामगार सहसा का वळत नसे, याचे स्पष्टीकरण ह्या रचनेत मिळते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात ग्रंथिक संनिपाताची (प्लेगची) साथ उद्‌भवली. हजारो लोक मृत्युमुखी पडले, लाखो लोक शहर सोडून गेले आणि व्यापार ठप्प झाला. रोगाचे मूळ दाट वस्तीतील अंधाऱ्या व कोंदट घरांत आहे, असा तत्कालीन अधिकाऱ्यांचा समज होता. पिसवांमार्फत होणारा रोगप्रसार तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता. गरिबांच्या घरांचा प्रश्न शासनाच्या कक्षेत आला, तो अशा रीतीने आरोग्याचा प्रश्न म्हणून.

सुधार विश्वस्त मंडळ : १८९८ च्या कायद्यान्वये ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे मंडळ स्थापन झाले. शासन, नगरपालिका, पोर्ट ट्रस्ट व व्यापारी संघटना यांचे प्रतिनिधी त्यावर असत. जमिनी संपादन करणे, अनारोग्यकारक वस्त्या पाडणे, समुद्राकडील वारा शहरात खेळावा म्हणून रुंद रस्ते काढणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायक घरे बांधणे, ही त्याची प्रमुख कार्ये होती. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते, नागपाडा येथील वस्तीची पुनर्रचना आणि दादर–माटुंगा येथील आखीव वसाहती ही त्याची फलिते होत. आग्रीपाडा, परळ व इतरत्र त्याने बांधलेल्या चाळी पुढे ‘बी.आय.टी. चाळी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते.

मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड व हवा यांसाठी एक मोजता येण्याजोगा निकष आग्रहपूर्वक मांडला. खोलीच्या खिडकीसमोरील इमारतीचा माथा जमिनीशी ६३·५ अंशांहून मोठा कोन करणारा नसावा, म्हणजेच समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये असावी, असा हा नियम होता. मंडळाच्या नव्या इमारतींच्या आखणीत त्याचा उपयोग झाला व पुढील बांधकाम नियमांवरही त्याचा प्रभाव पडला.

मंडळाची मुख्य मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतच होती. पाडलेल्या खोल्यांच्या तुलनेत नव्या खोल्या उशिरा व अपुऱ्या बांधल्या गेल्या. विस्थापित कुटुंबे लगतच्या वाड्यांत शिरल्यामुळे तेथील दाटी व भाडी वाढली. दादर–माटुंग्याचे भूखंड प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या उपयोगी पडले. गरिबांची वस्ती हटविल्याने गरिबांच्या घरांची तूट वाढते, हा अनुभव मुंबईला प्रथम येथे आला. १९३३ मध्ये मंडळाचे काम पूर्णपणे महानगरपालिकेत विलीन झाले.

विकास खात्याच्या चाळी : पहिल्या महायुद्धानंतर भाववाढ, घरटंचाई व गिरण्यांतील संप यांमुळे परिस्थिती गंभीर बनली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड (कार. १९१८–२३) यांच्या पुढाकाराने १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ (बी.डी.डी.) हे खाते निर्माण झाले. कामगारांसाठी ५०,००० गाळे बांधण्याची योजना त्याने आखली आणि खर्चाच्या तुटीसाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गासडीमागे एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षात वरळी (१२१), नायगाव (४२), ना. म. जोशी मार्ग (३२) व शिवडी (१२) येथे एकूण २०७ चाळी व त्यांत सु. १६,५०० खोल्या उभ्या राहिल्या. तळमजला व तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोहों बाजूंस वीस खोल्या, सु. १६० चौ. फुटांची एक खोली आणि सामाईक शौचकूप असा त्यांचा सर्वसाधारण आराखडा होता. प्रबलित काँक्रीटचा एवढा मोठा वापर तेव्हा नवा होता.

बांधकामाच्या खर्चावर आधारित भाडे कामगाराच्या वेतनाला झेपणारे नव्हते. म्हणून ते कमी ठेवून तूट सार्वजनिक निधीतून सोसावी लागली. त्यातही वरळी गिरण्यांपासून त्या मानाने दूर असून तेथे बाजार व वाहतुकीच्या सोयी अपुऱ्या होत्या. परिणामतः शहरात घरांची टंचाई असतानाही तेथील अनेक चाळी काही वर्षे रिकाम्या राहिल्या व १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांपैकी काहींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. बॅक बे भरावाच्या योजनेतील उधळपट्टीवर खु. फ. नरिमन यांनी कठोर टीका केल्याने खात्याची प्रतिष्ठाही खालावली. चाळी मात्र टिकल्या. कालांतराने त्या कामगारांनी भरून गेल्या आणि व्यायामशाळा, वाचनालये, भजनी मंडळे, कामगार संघटना व आंबेडकरी चळवळ यांची ती केंद्रे बनली.

भाडेनियंत्रण व दुरुस्ती : महायुद्धांच्या काळातील भाडेनियंत्रण स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीवर स्थिर केले. लाखो भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले आणि शहराच्या मध्यभागी अल्प उत्पन्न गटाची वस्ती टिकून राहिली. तथापि महागाई वाढत गेली, तसे भाडे नाममात्र उरले. मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली, भाड्याची नवी बांधकामे रोडावली आणि जागेचा ताबा देताना ‘पागडी’ घेण्याची प्रथा बळावली. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळून होणारी प्राणहानी हा दर वर्षीचा प्रसंग बनला.

यावर उपाय म्हणून १९६९ च्या अधिनियमान्वये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करण्यात आले. मुंबई बेटावरील सु. १९,६०० जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून व शासकीय अंशदानातून दुरुस्ती करावयाची, अशी ही योजना होती. खाजगी मालकीच्या घरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी सार्वजनिक संस्थेने स्वीकारली, हे तिचे वैशिष्ट्य. हजारो इमारतींचे आयुष्य तिने वाढविले. परंतु दुरुस्तीवरील खर्चाची मर्यादा वास्तव खर्चाच्या मागे पडत गेली आणि धोकादायक इमारतींतून हलविलेली अनेक कुटुंबे संक्रमण शिबिरांत दशकानुदशके अडकून पडली. १९४७ च्या कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्यातही बव्हंशी कायम राहिले.

गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती : १९४८ च्या अधिनियमान्वये मुंबई गृहनिर्माण मंडळाची स्थापना झाली. केंद्र शासनाच्या अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजना (१९५२), अल्प उत्पन्न गट योजना (१९५४) व गलिच्छ वस्ती निर्मूलन योजना (१९५६) यांच्या साहाय्याने मंडळाने प्रामुख्याने उपनगरांत वसाहती उभारल्या. विक्रोळीची टागोरनगर व कन्नमवारनगर ही त्यांची परिचित उदाहरणे होत. खोलीला स्वतंत्र मोरी, पुढे स्वतंत्र शौचालय, इमारतींमध्ये मोकळी मैदाने आणि शाळा व बाजार यांसाठी राखीव जागा, ही चाळींच्या तुलनेत निश्चित सुधारणा होती. मात्र भाडेवसुली व देखभाल यांचा भार वाढत गेल्याने भाड्याचे गाळे राहणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना मालकी हक्काने देण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्यामुळे देखभालीचा प्रश्न काही अंशी सुटला. पण भाड्याने देण्याजोग्या सार्वजनिक घरांचा साठा घटला आणि मुंबईत नव्याने येणाऱ्या अल्पवेतनी कामगाराला झोपडीवाचून पर्याय उरला नाही. ५ डिसेंबर १९७७ रोजी गृहनिर्माण, दुरुस्ती व झोपडपट्टी सुधार ही मंडळे एकत्र करून महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) अस्तित्वात आले.

झोपडपट्टीविषयक धोरण : प्रारंभीचे धोरण झोपड्या हटविण्याचे होते. हटविलेली वस्ती अन्यत्र पुन्हा वसते, हे लक्षात आल्यावर १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाने आहे त्या जागी नळ, शौचालये, गटारे, पायवाटा व दिवे पुरविण्यास कायदेशीर आधार दिला. जानेवारी १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन कुटुंबांना छायाचित्रासहित ओळखपत्रे देण्यात आली. शहराने झोपडपट्टीवासीयांना नोंदीत स्थान देण्याचा हा पहिला व्यापक प्रयत्न होता. तथापि त्याच वर्षी अणुशक्तिनगरजवळील जनता कॉलनी पाडून तेथील रहिवाशांना चिता कँप येथे हलविण्यात आले.

१९८१ मध्ये पदपथांवरील रहिवाशांना हटविण्याच्या कारवाईविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालात (१० जुलै १९८५) उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महानगरपालिकेचा अधिकारही त्याने उचलून धरला. घराचे स्थान व रोजगार यांचा संबंध अशा प्रकारे प्रथमच घटनात्मक भाषेत नोंदला गेला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाने दोन निराळे मार्ग अनुसरले. एका कार्यक्रमात झोपडपट्टीची जमीन रहिवाशांच्या सहकारी संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन घरसुधारणेसाठी कर्ज उपलब्ध करण्यात आले. दुसऱ्यात चारकोप, गोराई व मालवणी येथे पाणी, गटार व रस्ते यांची सोय असलेले लहान भूखंड वाटण्यात आले. चारकोप येथे सु. ३५ कुटुंबांची एक सहकारी संस्था व मध्ये सामाईक अंगण अशी रचना होती. ऐपतीप्रमाणे प्रथम एक खोली व पुढे मजला, अशी कुटुंबांनी स्वतःच घरे वाढविली. मोठे भूखंड बाजारभावाने विकून लहान भूखंडांचा खर्च अंशतः भागविण्यात आला. कमी सार्वजनिक खर्चात टिकाऊ वस्ती उभी राहिली. परंतु अशा जमिनी शहराच्या कडेलाच उपलब्ध होत्या आणि हा प्रयोग पुढे विस्तारला नाही.

पुनर्वसन योजना : १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने व त्यानंतर डिसेंबर १९९५ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने धोरणाची दिशा बदलली. पात्र कुटुंबाला त्याच जागी २२५ चौ. फुटांचे घर विनामूल्य द्यावयाचे आणि त्याचा खर्च विकासकाला वाढीव चटई क्षेत्र विकून भरून काढू द्यावयाचा, हे तिचे तत्त्व होय. पुढे घराचे क्षेत्रफळ प्रथम २६९ व नंतर ३०० चौ. फुटांपर्यंत वाढविण्यात आले. प्रारंभी चाळीस लाख लोकांना घरे देण्याचा संकल्प होता. तथापि पहिल्या पंचवीस वर्षांत त्याच्या निम्म्याइतकेही काम झाले नाही. जेथे जमिनीला भाव होता, तेथे योजना गतीने राबविल्या गेल्या. इतरत्र त्या रेंगाळल्या. पात्रतेच्या तारखा, रहिवाशांची संमती आणि अर्धवट सोडलेले प्रकल्प यांवरून वाद झाले. देखभालीसाठी प्रारंभी प्रत्येक गाळ्यामागे २०,००० रु. ठेव ठेवण्याची तरतूद होती. परंतु उंच इमारतीतील उद्वाहन, पाण्याचे पंप व कर यांचा मासिक खर्च अनेक कुटुंबांना जड गेला. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सु. ५२ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या सु. ४२ टक्के, झोपडपट्ट्यांत राहत होते.

रस्ते व रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी मानखुर्द–गोवंडी परिसरात बांधलेल्या काही वसाहतींत दोन इमारतींमधील अंतर अवघे काही मीटर ठेवण्यात आले. तेथील खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश व वारा पोहोचत नाही आणि क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळते, असे आरोग्यविषयक पाहण्यांतून पुढे आले. ऑर यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी मांडलेला प्रकाशकोनाचा निकष गरिबांच्या घरांसाठीच सवलती देऊन शिथिल करण्यात आला होता.

मूल्यमापन : मुंबईच्या अनुभवात दोन प्रकारचे उपाय त्या मानाने यशस्वी ठरले. पहिला, राहती जागा न सोडता केलेली सुधारणा व दुरुस्ती. दुसरा, जमिनीचा हक्क व मूलभूत सेवा देऊन बांधणी कुटुंबावर सोपविणे. दोहोंतही कुटुंबाचा रोजगाराशी असलेला संबंध व त्याची ऐपत लक्षात घेतलेली होती. उलटपक्षी, केवळ संख्येचे उद्दिष्ट समोर ठेवलेल्या योजना स्थान, खर्च वा देखभाल यांपैकी एखाद्या बाबीत अडखळल्या. गिरण्या बंद पडल्यानंतर त्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी बांधलेल्या सु. ६,९०० घरांची सोडत जून २०१२ मध्ये निघाली, तेव्हा अर्जदारांची संख्या लाखाच्या वर होती.

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला असून १६० चौ. फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौ. फुटांचे घर मालकी हक्काने देण्यात येत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा रहिवाशांना मिळाला. रिकाम्या पडलेल्या ह्या चाळी शंभर वर्षांत मुंबईच्या मध्यवर्ती व अत्यंत मोलाच्या भूमीवर आल्या, ही गोष्ट त्यांतील रहिवाशांच्या हिताची ठरली. नव्या उंच इमारतींचा मासिक खर्च त्याच कुटुंबांना दीर्घकाळ पेलेल काय, यावर ह्या पुनर्विकासाचे यश अवलंबून राहील.