गतवर्षाचे श्रवण : मद्रास, सिलोन आणि १९५३

नभोवाणी हे क्षणाचे माध्यम आहे. तरीही गतकाळाची ओढ लावण्याचे सामर्थ्य तिच्याइतके फार थोड्या माध्यमांत आढळते. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, संदर्भात हा विरोधाभास विशेष जाणवतो. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने १९२४ साली येथे प्रक्षेपण सुरू केले. पैशाअभावी १९२७ मध्ये क्लब बंद पडला. १९३० मध्ये ही सेवा महापालिकेने आणि १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओने हाती घेतली.

सरत्या वर्षाकडे गीतांतून मागे वळून पाहण्याची प्रथा मात्र सरकारी केंद्राने पाडली नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी अभिजात संगीताच्या आग्रहापोटी चित्रपटगीतांना आळा घातला आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिच्या वार्षिक यादीत १९५३ साली ‘अनारकली’तील लता मंगेशकरांचे गीत अग्रस्थानी आले. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर. मराठी अभिरुचीच्या एका मंत्र्याने रोखलेला प्रवाह मराठी संगीतकाराच्याच चालीवर परतला, असा हा योग. चितळकरांच्या संगीतदिग्दर्शनाचा आरंभही ‘वनमोहिनी’सारख्या तमिळ चित्रपटांतून झाला होता.

पण १९५३ हे वर्ष मद्रास राज्याच्या दृष्टीने निराळे होते. स्वतंत्र आंध्रसाठी उपोषण करणाऱ्या पोट्टी श्रीरामुलू यांचे १५ डिसेंबर १९५२ रोजी मद्रासमध्ये निधन झाले आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य वेगळे झाले. मद्रास शहर कोणाचे, हा वाद कटू होता. १९५३ च्या डिसेंबरात राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला आणि महाराष्ट्राचे भवितव्यही त्याच्या विचारकक्षेत आले. गीतांच्या क्रमवारीत यातील कशाचीही नोंद होणे शक्य नव्हते.

हा स्मरणरंजनाचा दोष मानावा काय? पूर्णतः नाही. प्रांतांच्या सीमा भाषेनुसार आखल्या जात असताना निरनिराळ्या भाषांचे श्रोते एकाच यादीची प्रतीक्षा करीत होते, हीही इतिहासाचीच वस्तुस्थिती होय. आकाशवाणीला अखेर तिची दखल घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, आणि तिच्या प्रक्षेपणासाठी मुंबईबरोबर मद्रासचेही लघुलहरी प्रक्षेपक योजले गेले. पुढे ‘भूले बिसरे गीत’ने जुन्या गीतांचे स्मरण नित्याचे केले.

तेव्हा अशा कार्यक्रमांना इतिहासाचा पर्याय न मानता इतिहासाचे एक साधन मानावे. लोकांनी काय सोसले, हे त्यांतून कळत नाही; ते सोसत असताना त्यांनी काय गुणगुणले, एवढे मात्र कळते. वृत्तपत्राच्या फायली आणि गीतांची यादी शेजारी ठेवून वाचली, तरच १९५३ साल पुरते हाती येते.