तीन बाळ गंगाधर

१/६ ‘बाळ गंगाधर’ म्हटले की पुढचा शब्द ‘टिळक’ आपसूक येतो. वास्तविक या नावाचे तीन कर्ते पुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. तिघेही कोकणचे, परंतु तीन वेगळ्या पिढ्यांचे. समाजसुधारणा कोणी आणि कशी करावी, या प्रश्नाला तिघांची उत्तरे निराळी आहेत.

२/६ बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६), पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढून त्यांनी मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपाद शेषाद्री या मुलास प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घ्यावे, यासाठी ते सनातन्यांशी झगडले.

३/६ बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०). मूळ नाव केशव. ‘बाळ’ हे घरातले. गणिताचे पदवीधर, ‘केसरी’च्या संस्थापकांपैकी एक. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनी कडाडून विरोध केला: परकीय सरकारने आमच्या रूढींत हात घालू नये.

४/६ बाळ गंगाधर खेर (१८८८–१९५७). व्यवसायाने सॉलिसिटर. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान, पुढे १९४६ ते १९५२ मुख्यमंत्री. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४७ साली, अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरे खुली करणारा कायदा झाला.

५/६ म्हणजे जांभेकरांनी शास्त्राच्या आधारे समाजाला वळवू पाहिले, टिळकांनी परक्यांचा कायदा नाकारला आणि खेरांच्या हाती लोकनियुक्त सरकारचा कायदा आला.

६/६ मधल्या बाळ गंगाधरांच्या तेजात उरलेले दोघे झाकोळले. शतकभराचा हा वाद समजून घ्यायचा, तर तिघांनाही एकत्र वाचावे लागते.