पुंज माहितीविज्ञान : प्राथमिक ओळख

अणू, इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन यांच्या अवस्थांमध्ये माहिती साठवणे, बदलणे आणि पाठवणे यांचा अभ्यास करणारी शाखा. ‘पुंज’ ही मराठी विश्वकोशातली संज्ञा; वर्गात चालतो तो ‘क्वांटम’च.

या शाखेचे एकक क्युबिट. बेंजामिन शूमाकर यांच्या १९९५च्या शोधनिबंधाने हा शब्द रूढ झाला. ‘क्युबिट एकाच वेळी ० आणि १ असतो’ हे वाक्य जिथेतिथे ऐकू येते. शिकणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा, घोळच जास्त. क्युबिटची अवस्था म्हणजे दोन संमिश्र संख्यांची जोडी. त्यांच्या केवल मूल्यांचे वर्ग म्हणजे ० आणि १ हाती येण्याची संभाव्यता. दोन्हींची बेरीज १. मोजले की एकच उत्तर मिळते आणि आधीची अवस्था जाते. या संख्या ऋणही असू शकतात, म्हणून एकमेकींना खोडतात. संगणनाची ताकद या खोडाखोडीत आहे.

मोजल्याने अवस्था बदलते, हे नागपूरजवळच्या उमरेडमधल्या घरातही पाहता येते. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेत ध्रुवित प्रकाश जाऊ देणारा तुकडा, धरून फिरवावा. एका कोनाला पडदा काळा पडतो. तो तसाच धरून, पडदा आणि त्याच्यामध्ये दुसरा पोलरॉइड ४५ अंशांत तिरका सरकवावा. उजेड परत येतो. पोलरॉइड आदर्श असतील तर मूळच्या एक चतुर्थांश. अडथळा वाढवला आणि उजेड वाढला! फोटॉनच्या ध्रुवणाची दिशा हा इथला क्युबिट. मधल्या पोलरॉइडने तो मोजला आणि मोजताना बदलला. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांची १९८४ची गुप्तकिल्ली-पद्धत यावरच उभी आहे : वाटेत चोरून वाचणाऱ्याची खूण फोटॉनवर उरते.

पुढच्या अभ्यासाला संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि संभाव्यता पुरतात; हे सगळे अकरावी-बारावीच्या गणितात येते. मग हॅडामार्ड आणि सीनॉट ही गेट, म्हणजे क्युबिटची अवस्था बदलणाऱ्या क्रिया, आणि थोडे पायथन. आयबीएमने मे २०१६मध्ये पाच क्युबिटांचा संगणक इंटरनेटवरून सर्वांना खुला केला, तेव्हापासून खऱ्या यंत्रावर गणित चालवून पाहण्याची सोय आहे.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली, तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची, मुदत २०३०-३१पर्यंत. त्यातले संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक क्युबिट तयार होतात. पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासह तिथे उभारलेल्या सहा क्युबिटांच्या संगणकाची चाचणी २०२४मध्ये पूर्ण झाली. अशा चिप निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शतांश अंशभर वर ठेवाव्या लागतात. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. उमरेडकराला ही सारी ठिकाणे नागपूर गाठून पुढे रात्रभराच्या गाडीवर.

वरच्या प्रयोगात पोलरॉइड म्हणून साधा रंगीत गॉगल चालत नाही. पोलराइज्डच हवा, आणि तोही त्याच्या दोन काचा वेगळ्या करून.