हातात सुया, पाठीवर टोपली

आमच्या घरात सध्या एकाच वेळी चार विणकामं चालू आहेत. माझ्या बहिणीला बाळ होणार आहे, त्याच्यासाठी कुंची, आमच्या मुलीचा स्वेटर, सासऱ्यांचा मफलर, आणि एक शाल, जी गेली दोन वर्षं 'होतच आली' आहे. बायको ही चारही कामं व्यवस्थित सांभाळते. मफलर ऑफिसच्या बसमध्ये, स्वेटर मुलीचा अभ्यास घेताना, कुंची टीव्हीसमोर. शाल मात्र मुलगी झोपल्यावरच पिशवीतून बाहेर निघते, कारण तिच्यात जाळीची नक्षी आहे आणि टाके मोजावे लागतात. मी एकदा विचारलं, "आधी एक संपवून मग दुसरं का नाही घेत?" तर म्हणाली, "शाल बसमध्ये घेऊन बसू? आणि रात्रीची शांतता मफलरवर घालवू?"

आमच्या धंद्यात ह्याला शेड्युलिंग म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं असतात. असो.

तर हा उद्योग नेमका किती जुना आहे ते बघावं म्हणून वाचत गेलो आणि थेट शेटलंडला जाऊन पोचलो. शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला, नॉर्वेच्या वाटेवर असलेली शंभराहून जास्त बेटं. त्यातल्या जेमतेम सोळा-एक बेटांवर माणसं राहतात. झाडं जवळजवळ नाहीतच. वारा मात्र बारा महिने. डिसेंबरात दिवसाचा उजेड सहा तासांपेक्षाही कमी, आणि जूनमध्ये रात्र म्हणजे नुसती संधिप्रकाशाची. अशा ठिकाणी दोनच गोष्टींवर पोट भरायचं : समुद्र आणि मेंढी. समुद्र पुरुषांकडे आणि मेंढीची लोकर बायकांकडे.

शेटलंडची मेंढी लहानखुरी, पण लोकर अतिशय मऊ. पूर्वी ती कातरतसुद्धा नसत, उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुटायला आली की हातानेच उपटून काढत. सतराव्या शतकात डच मच्छीमारांच्या शेकडो नौका हेरिंग मासळीसाठी उन्हाळ्यात लर्विकजवळच्या खाडीत गोळा व्हायच्या आणि बेटांवरच्या बायका त्यांना मोजे विकायच्या. म्हणजे निर्यातीचा धंदा तेव्हापासूनचा.

आता घरातली परिस्थिती बघा. एकोणिसाव्या शतकात शेटलंडचे पुरुष उन्हाळाभर सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून खोल समुद्रात मासेमारी करत. कोणी ग्रीनलंडकडे देवमाशांच्या शिकारीला जाई, कोणी आरमारात, कोणी व्यापारी जहाजांवर. बरेच परत येत नसत. १८८१ च्या जुलैमध्ये एका वादळात येल बेटावरच्या ग्लुप गावाकडच्या १० होड्या बुडाल्या आणि ५८ माणसं गेली. त्यामुळे ह्या बेटांवर पुरुषांपेक्षा बायकांची संख्या बरीच जास्त असायची. शेत, गाय, मुलं, म्हातारी माणसं, चूल आणि चुलीचं जळण असं सगळं त्यांच्यावरच. झाडं नाहीत म्हणजे लाकूडही नाही. जळण म्हणजे पीट, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. त्या डोंगरावरून पाठीवरच्या गवती टोपलीतून घरी आणायच्या. ह्या टोपलीला तिकडे 'किशी' म्हणतात.

आणि विणायचं कधी? तर ते ह्या सगळ्याच्या मध्येच! त्या काळातले फोटो उपलब्ध आहेत. पाठीवर पीटने भरलेली किशी, पायाखाली चढ-उताराची वाट आणि हातात चालू असलेलं विणकाम. पाठीवरचं ओझं दोरीने बांधलेलं, म्हणजे हात मोकळे. मोकळे हात रिकामे ठेवायचे कशाला?

हे जमायचं कसं ह्यामागे एक साधं पण भन्नाट यंत्र आहे. कमरेला चामड्याचा पट्टा. त्याला एक लांबट गादी शिवलेली, आत घोड्याचे केस ठासून भरलेले आणि वरून भोकं पाडलेली. उजव्या हाताच्या सुईचं मागचं टोक त्या भोकात खोचायचं. (सुयांना दोन्हीकडे टोकं असतात.) आता सुईचं आणि विणलेल्या कापडाचं वजन कंबर पेलते. उजव्या हाताला सुई धरून ठेवायची गरजच नाही, त्याने फक्त टोकाशी धागा फिरवायचा. वेग वाढतो आणि चालता चालता सुई निसटतही नाही. शेटलंडमध्ये हे पट्टे आजही मिळतात आणि वापरले जातात.

पण चालता चालता सगळंच विणता येत नाही. साधे मोजे, हातमोजे, रोजच्या वापराच्या जाड शाली ही हाताच्या सवयीची कामं. डोळे वाटेवर असले तरी बोटं चालतात. बारीक जाळीच्या शाली हा वेगळा मामला. उत्तर टोकाच्या अन्स्ट बेटावर ह्या शालींसाठी सूत इतकं बारीक कातत की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यायची. तिच्यासाठी उजेड हवा, स्वच्छ हात हवेत, चित्त जागेवर हवं आणि गुडघ्याशी रांगणारं पोर नको. त्यामुळे एक काम पट्ट्यावर, एक घरात कापडात गुंडाळून ठेवलेलं, आणि त्याशिवाय लोकर पिंजणं आणि कातणं हिवाळ्याच्या संध्याकाळी शेगडीपाशी. मुलीही चार-पाच वर्षांच्या वयात सुया धरायला शिकायच्या. ओळखीचं वाटतंय ना?

१९७० साली ज्युडिथ ब्राऊन ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एक छोटासा लेख लिहिला होता. प्रश्न असा की वेगवेगळ्या समाजांत काही ठरावीक कामंच बायकांकडे का जातात? त्यांचं उत्तर ताकदीचं किंवा स्वभावाचं नव्हतं. त्या म्हणाल्या, मुलं सांभाळता सांभाळता जे करता येईल ते काम बायकांकडे जातं. म्हणजे ज्यात सतत एकाग्र व्हावं लागत नाही, जे मध्येच थांबवता येतं, थांबवल्यावर सहज पुन्हा सुरू करता येतं, ज्यात मुलाला धोका नाही आणि ज्यासाठी घरापासून फार लांब जावं लागत नाही. पुढे एलिझाबेथ वेलँड बार्बर ह्यांनी ह्याच सूत्रावर बायकांच्या वीस हजार वर्षांच्या वस्त्रकामाचा इतिहास लिहिला (१९९४).

विणकाम ह्या यादीत इतकं चपखल बसतं की यादी त्याच्याकडे बघूनच केली असं वाटावं. मी प्रोग्राम लिहिताना कोणी हाक मारली तर डोक्यातला सगळा डोलारा कोसळतो आणि पुन्हा उभा करायला पंधरा मिनिटं लागतात. विणणारीचं तसं नाही. तिचं काम कुठवर आलंय हे सुईवरच लिहिलेलं असतं. दूध उतू गेलं तर सुया खाली ठेवायच्या, दूध बघायचं, परत आलं की पुढचा टाका. काम स्वतःच स्वतःची आठवण ठेवतं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता खरी मेख.

जे काम कधीही थांबवता येतं, त्याला लोक काम मानत नाहीत. त्याला 'फावला वेळ' म्हणतात. आणि फावल्या वेळाचे पैसे कोण देतो?

शेटलंडमध्ये मोज्या-शालींची किंमत दुकानदार ठरवायचा आणि ती पैशांत द्यायचाच नाही. द्यायचा वस्तूंत, त्याही त्याच्याच दुकानातल्या. चहा, कापड, असंच काहीबाही. शिल्लक राहिलीच तर एक चिठ्ठी, पुन्हा त्याच दुकानात चालणारी. ह्या पद्धतीला 'ट्रक' म्हणत. (मालमोटारीशी काही संबंध नाही, अदलाबदल अशा अर्थाचा जुना शब्द आहे.) आपल्याला जेवणाची कूपनं मिळतात ती आठवा. आता कल्पना करा की सगळा पगारच कूपनांत आहे, ती एकाच दुकानात चालतात, भावही तोच दुकानदार ठरवतो आणि त्या दुकानात ज्वारी-तांदूळ मिळतच नाहीत!

१८७२ साली ब्रिटिश सरकारने ह्या पद्धतीची चौकशी करायला विल्यम गथ्री नावाच्या कायदेतज्ज्ञांना शेटलंडला पाठवलं. त्यांनी दुकानदार, मच्छीमार आणि विणणाऱ्या बायका अशा सगळ्यांच्या साक्षी घेतल्या. त्या छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, आणि वाचण्यासारख्या आहेत. बायका सांगतात की पैसे मागितलेच नाहीत, कारण मिळणार नाहीत हे माहीत होतं. घरात पीठ नाही म्हणून मोबदल्यात मिळालेला चहा शेतकऱ्यांच्या घरी नेऊन त्याच्या बदल्यात पीठ आणि बटाटे आणायचे. अंगावर दुकानातलं नवं कापड आणि पोटाला मात्र चिमटा, असा तो प्रकार. दुकानदारांचं म्हणणंही नोंदलेलं आहे : आम्हाला फायदा विणलेल्या मालावर नाही, बदल्यात दिलेल्या वस्तूंवर मिळतो; रोख हवी असेल तर भाव कमी होईल.

मजुरी वस्तूंत देण्याविरुद्ध ब्रिटनमध्ये कायदा १८३१ पासूनच होता. पण तो ठरावीक धंद्यांतल्या कामगारांसाठी. घरी बसून स्वतःच्या लोकरीचे मोजे विणून विकणारी बाई 'कामगार' कशी? ती तर विक्रेती! ही पळवाट १८८७ च्या दुरुस्तीने बुजवली. घरी, कुटुंबातल्या माणसांखेरीज कोणाची मदत न घेता विणलेला पाच पौंडांहून कमी किमतीचा लोकरीचा माल दुकानदाराने विकत घेतला, तर विणणारी ही कामगार आणि दुकानदार हा मालक असं धरायचं, असं कायद्यात आलं. मला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं. चूल आणि मूल सांभाळून, तुकड्या-तुकड्यांत केलेलं कामही कामच आहे, हे त्यात कागदावर मान्य केलेलं आहे.

कागदावरच, कारण प्रत्यक्षात ही पद्धत विसाव्या शतकातही रेंगाळत राहिली. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स (पुढचे राजे आठवे एडवर्ड) सेंट अँड्र्यूजला फेअर आयल नक्षीचा रंगीत स्वेटर घालून गोल्फ खेळले आणि त्या नक्षीची लाटच आली. मागणी वाढली, तरी मालाच्या बदल्यात माल लगेच संपला नाही. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर हजारो सैनिक आले आणि बायकांच्या दारातून थेट रोखीने स्वेटर घ्यायला लागले, तेव्हा कुठे तिची पकड सुटली. सत्तरच्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडलं, बऱ्या पगाराच्या नोकऱ्या आल्या आणि अनेकींनी पोटासाठी विणणं सोडून दिलं. ज्या आज विणतात त्या बहुतेक आवडीने.

ह्या गोष्टीचा मुंबईशी एक धागा आहे. शेटलंडच्या शाली-मोज्यांची लंडनमध्ये पहिली मोठी जाहिरात केली ती आर्थर अँडरसनने. हा गडी लर्विकजवळच जन्मलेला. १८३७ साली त्याने राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे मोजे भेट दिले आणि राजघराण्याने वापरल्यावर फॅशन व्हायला कितीसा वेळ लागतो! हाच अँडरसन पी अँड ओ ह्या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईची टपाल आणि साहेब लोक वर्षानुवर्षं ज्या बोटींनी आले-गेले ती कंपनी. आपला माझगाव डॉकही १९६० मध्ये सरकारने घेण्याआधी ह्याच कंपनीच्या गोटात होता. अँडरसनने पुढे लर्विकला शाळा काढली आणि दर्यावर्दींच्या विधवांसाठी घरं बांधली. विधवांची घरं वेगळी बांधावी लागावीत, ह्यातच त्या बेटांची हकीकत आली.

आता आपल्याकडे या. २०१९ च्या सरकारी 'टाइम यूज' सर्वेक्षणात घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं. जे पुरुष हे काम करतात त्यांचा ९७ मिनिटं. मला ह्या आकड्यांतला फरक जितका बोचतो, तितकंच आणखी एक बोचतं. ही २९९ मिनिटं सलग पाच तास नसतात. दहा इकडे, सात तिकडे, अशी दिवसभर पसरलेली असतात. उरलेला वेळही मग तसाच तुकड्यांत उरतो. त्या तुकड्यांत मावेल असंच काही करता येतं. माझा 'छंद' म्हणजे शनिवारी दार लावून घेऊन तीन तास वाचणं आणि लिहिणं. बायकोचा छंद बसमध्ये, अभ्यासाच्या टेबलावर आणि टीव्हीसमोर वाटलेला. एका वेळी चार कामं हाताळण्याचं कौतुक आपण सगळेच करतो. पण बहुतेकदा ते कसब नाईलाजातून आलेलं असतं. सलग वेळ मिळालाच नाही, म्हणून कामाचेच तुकडे पाडले.

शेटलंडच्या बायकांनी चालत्या वाटेवर मोजे विणले हे थोरच आहे. पण त्या साक्षी वाचल्यावर माझ्या डोक्यात राहिली ती त्यांची एकच साधी मागणी. कोणी आमचं कौतुक करा असं त्या म्हणत नव्हत्या. आमचा हिशोब पैशांत करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पगारी कामात त्याचं भाषांतर पैसे असं होतं. घरात बहुधा वेळ असं करावं लागेल. आणि तोही सुटा नाही, सलग.