खोका ठोकता येतो? मग विमानही बांधा! : 'उडत्या पिसू'चा इतिहास आणि आपला संशोधन-प्रश्न

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला घोळ होतो तो प्रश्नाचा. विषय असतो, आवड असते, वाचनही झालेलं असतं. पण गाइडने "तुमचा प्रश्न काय?" असं विचारलं की आपण विषयच पुन्हा सांगायला लागतो. आज या घोळावर बोलू, पण एका विमानाच्या निमित्ताने. घरी बसून, हौसेखातर, नवशिक्या माणसांनी बांधलेलं विमान.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरी विमान बांधणं ही आजची टूम नाही. सान्तोस-द्युमों यांच्या 'दम्वाझेल' या चिमुकल्या विमानाचे आराखडे 1910 मध्येच एका अमेरिकी मासिकात छापून आले होते. 1920 च्या दशकाच्या शेवटी शिकागोचे एड हीथ 'पॅरासोल' विमानाचे सुटे भाग संच करून विकत होते. मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी तर फोर्ड मोटारीचं इंजिन बसवून विमान उडवलं. पण खरी लाट आणली ती फ्रान्सच्या आन्री मिन्ये यांनी.

मिन्ये हे रेडिओच्या कामातले माणूस. नेहमीच्या विमानाचं नियंत्रण त्यांना स्वतःला नीट जमत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, माणूस बदलण्यापेक्षा विमान बदलू. त्यांचा चौदावा आराखडा, एचएम-14, सप्टेंबर 1933 मध्ये उडाला. नाव ठेवलं 'पू-द्यु-स्येल', म्हणजे शब्दशः 'आकाशातली ऊ'. इंग्रजीत जाताना उवेची पिसू झाली आणि ते 'फ्लाइंग फ्ली' म्हणून गाजलं. 1934 मध्ये त्यांनी विमान कसं बांधायचं आणि कसं उडवायचं याचं पुस्तक काढलं. सूर असा, की ज्याला लाकडी खोका ठोकता येतो त्याला विमान बांधता येतं. पुढच्याच वर्षी इंग्रजी भाषांतर आलं आणि ऑगस्ट 1935 मध्ये मिन्ये स्वतः या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडात उतरले. मग काय! गॅरेजमध्ये, गोठ्यात, घरातल्या मोठ्या खोलीत लोक प्लायवुड आणि खिळे घेऊन बसले. एकट्या ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक पिसवांची नोंदणी झाली.

आता यंत्र समजून घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे.

नेहमीच्या विमानात हाताने दांडा आणि पायाने पेडल अशी कसरत असते. वेग कमी असताना हातापायांचा मेळ चुकला तर विमान गिरकी घेत खाली येतं. नवशिके यातच जास्त मरत. मिन्येंनी पेडलच काढून टाकली. पंखांच्या टोकाचे हलते फळेही नाहीत. दोन पंख, एक पुढे जरा वर, दुसरा त्याच्या मागे जरा खाली. मागचा पंख पक्का; पुढचा मात्र बिजागरीवर हलणारा. दांडा मागे ओढला की पुढच्या पंखाचा कोन वाढतो आणि नाक वर येतं. दांडा डावी-उजवीकडे नेला की शेपटीचं सुकाणू वळतं आणि पंखांच्या वर उचललेल्या टोकांमुळे विमान आपोआप कलतं. सगळं काम एका हातात. कल्पना खरोखर सुंदर आहे, हे आधी मान्य करा. इतिहास लिहिताना ज्याची गोष्ट पुढे बिघडली त्याला पहिल्या पानापासून मूर्ख ठरवायचा मोह होतो, तो टाळा.

मग अपघात सुरू झाले. 1935 आणि 1936 मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि इतरत्र माणसं मेली. बऱ्याच वृत्तान्तांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती : विमान नाक खाली करून सूर मारतं आणि मग वर येतच नाही.

इथे थांबा. तुम्ही त्या वेळचे चौकशी अधिकारी आहात असं समजा. तुमच्यासमोर दोन गृहीतकं आहेत. पहिलं : दोष बांधणाऱ्याचा. नवशिके लोक, मनाला येईल ते इंजिन बसवलेलं, वजनाचा तोल सरकलेला, उडवण्याचा सराव नाही. दुसरं : दोष आराखड्याचा. अपघातांच्या नोंदी कितीही जमवल्या तरी एवढ्यावर निवाडा होत नाही, कारण दोन्ही गृहीतकं त्याच नोंदी समजावून सांगतात. नवशिक्यानेच बांधलेलं आणि नवशिक्यानेच उडवलेलं विमान पडलं, तर दोष कोणाचा हे पडलेल्या लाकडांवरून कसं कळणार? संशोधनात हे नेहमी होतं. पुरावा भरपूर असतो, पण दोन उत्तरांत फरक करणारा पुरावा नसतो.

तो फरक केला वातबोगद्याने. ब्रिटनमध्ये फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदोंला पूर्ण आकाराचं विमान बोगद्यात ठेवून तपासलं गेलं. तिथे पायलट नाही, त्यामुळे पायलटची चूकही नाही. निघालं ते असं : विमानाचं नाक सुमारे 15 अंशांपेक्षा जास्त खाली गेलं की दांडा पूर्ण मागे ओढूनही नाक वर आणण्याइतका जोर मिळत नाही. का? तर पुढचा पंख कलला की त्याची मागची कड मागच्या पंखाजवळ येते. मधल्या फटीतून हवा जोरात जाते आणि मागच्या पंखाची उचल वाढते. शेपटीकडची बाजू उचलली गेली की नाक आणखी खाली. म्हणजे घाबरलेला माणूस जी एकमेव गोष्ट करणार, दांडा मागे ओढणार, तीच उपयोगाची नव्हती. 1936 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या विमानाला नवे उड्डाण-परवाने देणं थांबवलं.

मग पहिलं गृहीतक खोटं ठरलं का? पूर्णपणे नाही, आणि हीच बाब परीक्षेच्या उत्तरात सुटते. मिन्ये स्वतः हेच विमान मजेत उडवत होते. त्यांचं विमान त्या धोक्याच्या कोनात जातच नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं, वेगळ्या इंजिनाचं, वेगळ्या तोलाचं विमान तिथे पोचू शकत होतं. म्हणजे दोष आराखड्यात होता, पण तो उघडा पडण्यासाठी नवशिक्यांची गर्दी लागली. संशोधकाचा स्वतःचा अनुभव हा एकच नमुना असतो. "मला जमलं" याचा अर्थ "पद्धत बरोबर आहे" असा होत नाही. तुमच्या फील्डवर्कलाही हे लागू आहे.

पुढे मिन्येंनी पंखांची मांडणी सुधारली आणि 1965 मध्ये निधन होईपर्यंत नवे आराखडे काढले. सुधारलेल्या पिसवा व्यवस्थित उडाल्या. त्यामुळे "बंदी आली आणि गोष्ट संपली" असं कुठे वाचलंत तर दुसरं साधन उघडा.

आता आजच्या किटकडे या. 1953 मध्ये अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना काढली, ईएए. 1970 च्या दशकात ऑरेगॉनमध्ये रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची कंपनी उभी राहिली. त्यांच्या आरव्ही मालिकेची हजारो विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. किटमध्ये पत्रे कापून, भोकं पाडून येतात. तरी अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेलं असावं लागतं. त्यानंतरही ठरावीक तासांची, साधारण 25 ते 40 तासांची, चाचणी उड्डाणं आहेतच.

आणि गंमत बघा. या कंपनीकडून नवशिक्याला सरावासाठी मिळणाऱ्या वस्तूंत चक्क एक खोका आहे! हत्यारं ठेवायची ॲल्युमिनियमची पेटी. तिच्यावर रिव्हेट ठोकायला शिकायचं. ठोकलेल्या रिव्हेटचं डोकं मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असायला हवं. हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात, हाताला यायला मात्र किती रिव्हेट वाया जातात. म्हणून आधी पेटी, मग जाणत्या माणसाकडून तपासणी, आणि मग शेपटीचा पहिला भाग. मिन्येंच्या पुस्तकात खोका ही विमानासाठी पुरेशी पात्रता होती. आज तो फक्त पहिला धडा आहे. मधल्या काळात बदललं ते हे. मायकेल पोलान्यी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हणतात, पुस्तकात न मावणारं, ते कोणी आणि कुठे पुरवायचं याची व्यवस्था उभी राहिली.

आता परत आपल्या प्रश्नाकडे. "घरी बांधलेल्या विमानांचा इतिहास" हा विषय झाला. "उडती पिसू यशस्वी झाली का?" हा प्रश्न आहे, पण उत्तर हो किंवा नाही एवढंच. "पुस्तकावरून विमान बांधणाऱ्याला पुस्तकाबाहेरचं कोणतं ज्ञान लागत होतं, आणि ते न मिळाल्याची किंमत कोणी मोजली?" हा संशोधन-प्रश्न. त्याला साधनं सापडतात : पुस्तक, परवान्यांच्या नोंदी, बोगद्याचे अहवाल, आणि संग्रहालयांत उरलेल्या पिसवा, ज्या हातोहात बांधलेल्या असल्याने एकसारख्या नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव आहेत. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. पण सावध राहा : हे किट नव्हे, आणि यादव नवशिके नव्हेत, व्यावसायिक वैमानिक आहेत. त्यामुळे मिन्येंचा प्रश्न इथे जसाच्या तसा चिकटवू नका. इथला प्रश्न कदाचित नोंदणीच्या कागदांचा असेल.

करून बघा : तुमच्या विषयावरची दोन परस्परविरोधी उत्तरं कागदावर लिहा. मग खाली एकच ओळ लिहा, कोणता पुरावा मिळाला तर यातलं एक उत्तर पडेल? ती ओळ लिहिता आली तर सिनॉप्सिसचा सगळ्यात अवघड भाग झाला. नाही आली, तर अजून वाचन हवं, आणि काय वाचायचं तेही त्या रिकाम्या ओळीवरूनच कळेल.