दारूबंदी आणि व्यसनमुक्ती

दारू सोडविणे हे पोलिसांचे काम की वैद्यांचे? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान हा गुन्हा ठरविला. मात्र प्रकृतीच्या कारणास्तव परवाना देण्याची तरतूदही ठेवली. व्यसनी मनुष्य आजारी असू शकतो, हे सरकारने ओळखले खरे. परंतु त्याच्या हाती उपचाराऐवजी कागद आला. ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न १९८६ साली पुण्यात झाला. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे औषधांच्या जोडीला समुपदेशन आले, व्यसनातून सुटलेले सोबती आले आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गटही आला. कायदा दुकानास कुलूप लावू शकतो. घरी परतलेल्या माणसाचा तोल मात्र आप्तेष्टांनी व शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच सांभाळावयाचा असतो.