वर्गणी आणि ग्रंथसंग्रह : मुंबईतील मराठी ग्रंथालये व ई-पुस्तके

प्रस्तावना

सशुल्क ई-पुस्तक सेवा व सार्वजनिक ग्रंथालय यांची तुलना करताना 'मोफत की सशुल्क' असा प्रश्न सामान्यतः मांडला जातो. दक्षिण व मध्य मुंबईतील मराठी ग्रंथालयांचा इतिहास पाहता वर्गणी ही नवी बाब नाही, असे दिसून येते. त्या वर्गणीतून काय निर्माण झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्गणीची परंपरा

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ ऑगस्ट १८९८ रोजी झाली. सभासदांची वर्गणी व देणग्या यांच्या बळावर ही संस्था वाढली. गिरगावलगतच्या ठाकुरद्वार येथील शाखा आणि दादरचा संदर्भ विभाग ही तिची परिचित केंद्रे होत. सभासद वर्गणी देणे थांबवी, तरी त्याच्या पैशातून घेतलेला ग्रंथ कपाटात राहून पुढील वाचकास मिळत असे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले. तथापि या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नसल्याने वर्गणीची गरज संपली नाही.

परळ-लालबागच्या गिरणी कामगारास मात्र अल्प वर्गणीही जड होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळांबरोबरच मोफत वाचनालये व फिरती ग्रंथालये चालवून ही उणीव काही अंशी भरून काढली. केवळ वर्गणीवर आधारलेली व्यवस्था कोणास वगळते, हे यावरून स्पष्ट होते.

ई-पुस्तकांची वर्गणी

किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून, तर स्टोरीटेलची सेवा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून उपलब्ध झाली. अक्षरे मोठी करण्याची सोय वृद्ध वाचकांस उपयुक्त आहे. परदेशस्थ मराठी कुटुंबांस पुस्तक तत्काळ मिळते. परंतु वर्गणी थांबताच वाचनाचा हक्क संपतो आणि वाचकाच्या पेठेत, चाळीत वा संस्थेत काहीही शिल्लक राहत नाही. विकत घेतलेल्या ई-पुस्तकावरील ताबाही मर्यादित असतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. किंमत परत केली, पण पुस्तक गेले.

जतनाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पुस्तकांच्या प्रती जमा होतात. मात्र मूळ कायद्यातील 'पुस्तक' या संज्ञेची व्याख्या मुद्रित वा शिळाछापाच्या ग्रंथांपुरती आहे. केवळ ई-स्वरूपात निघालेले मराठी साहित्य त्या व्याख्येबाहेर राहते.

निष्कर्ष

ई-पुस्तकांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र वैयक्तिक वर्गणी हा सार्वजनिक संग्रहाचा पर्याय ठरू शकत नाही. ग्रंथालयांना ई-पुस्तके कायमस्वरूपी घेण्याचा व सभासदांस देण्याचा हक्क मिळावा, अनुदानात त्यासाठी तरतूद असावी आणि जतनाच्या कायद्याची व्याप्ती वाढावी. अन्यथा आजच्या वाचकाने भरलेल्या वर्गणीतून उद्याच्या संशोधकासाठी संग्रह उभा राहणार नाही.